हवालदाराची संक्रांतवेल

ज्ञानू जगताप फौजेतून सुटून आला त्याला आता पस्तीसेक वर्षं झाली, पण कवठे महांकाळच्या त्या अंगाला त्याला नावानं हाक मारणारं माणूस उरलेलं नाही. सगळे हवालदार म्हणतात. पंच्याहत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ, मिशा पांढऱ्या पण टोकदार, आणि शिस्त एवढी की अंगणातल्या वाफ्यांच्या दगडांनासुद्धा दर दिवाळीला गेरू आणि चुना. त्याची एकुलती मुलगी संयोगिता सांगलीजवळ माधवनगरला दिलेली. ती म्हणायची, आमच्या आप्पांच्या अंगणात गवतसुद्धा विचारून उगवतं. तर अशा माणसानं म्हातारपणी दारात एक वेल लावली, हौसेनं नव्हे, गरजेनं. तिनं त्याचं जे केलं ते उभ्या नोकरीत कुठल्या गोळीनं केलं नव्हतं.

त्याचं लग्न सत्तर सालचं. भरती होऊन वर्ष झालं नाही तोवर बराकीतल्या एका सोबत्यानं आपली बहीण सुचवली. राही तिचं नाव, वाईकडची, कृष्णेच्या काठावर वाढलेली. ती पोर या कुसळाच्या रानात आली, घागर डोक्यावर घेऊन लांबच्या विहिरीला जाऊ लागली, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. नवरा मात्र घरी नव्हता. वर्षाकाठी एक रजा. मिरजेला आगगाडीतून उतरायचा, तिथून एस.टी. धरायचा, आणि गाडी थेट दारासमोर थांबायची, कारण घर रस्त्याला लागूनच. आल्यावर पहिली संध्याकाळ चावडीवर, दुसरी तालमीत, मग पाव्हणेरावळे, मग शेताचा बांध. बायकोची पाळी येईपर्यंत रजा सरत आलेली असायची. त्यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही. त्या काळी कुणालाच वाटत नसे.

पुढं तो कायमचा घरी आला, दोघांनी मिळून कोरडवाहू जमीन कसली, पोरीचं लग्न केलं, आणि आता सुखानं बसायचं म्हटलं तेव्हा राहीबाईच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. आधी आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग दळणाचा डबा गिरणीत राहिला. मग शेजारच्या रेश्माला ती तिच्या सासूच्या नावानं हाका मारू लागली. म्हातारपण आहे, चालायचंच, असं सगळे म्हणाले. आणि एका सकाळी राहीबाईनं चहाचा कप आणला, डोईवरचा पदर पुढं ओढला, नजर खाली घातली आणि म्हणाली, “मामंजी, च्या घ्या.”

मामंजी म्हणजे सासरे. हवालदाराचा बाप जाऊन चाळीस वर्षं झालेली. हवालदारानं आधी मागं वळून पाहिलं, खरंच कुणी उभं आहे की काय. मग हसला. दोन-तीन दिवस तो हसण्यावारीच नेत होता. पण आरशात पाहिलं तर बाईची फार चूक होती असंही नाही. तेच नाक, त्याच पांढऱ्या मिशा, कट्ट्यावर बसायची तीच तऱ्हा. तिच्या डोक्यातला नवरा तिशीतला होता, काळ्याभोर केसांचा. हा म्हातारा तो कसा असेल?

एकदा त्यानं खरं सांगायचं ठरवलं. तिन्हीसांजेला तिचा हात धरला आणि म्हणाला, राहे, नीट बघ, मीच तो. राहीबाईनं जी किंकाळी फोडली ती ऐकून रेश्मा हातातलं पीठ झटकत धावत आली. सासऱ्यानं सुनेचा हात धरला, याहून वंगाळ काय असतं? बाई कोपऱ्यात अंग चोरून थरथरत बसली होती, आणि हवालदार दारात गुन्हेगारासारखा उभा होता. त्या दिवसापासून त्यानं मुकाट्यानं सासरेपण पत्करलं. अंथरूण पडवीत आणलं. आत जायचं झालं की खाकरून जाऊ लागला. पन्नासावर वर्षांचा संसार आणि घरात येताना खाकरायचं. लाज वाटायची त्याला, आणि रडूही यायचं, पण रडायचं तरी कुणापुढं.

एक मात्र झालं. सासऱ्यापाशी सून नवऱ्याबद्दल बोलते ते नवऱ्यापाशी कधी बोलत नाही. राहीबाई निवडणं-टिपणं करता करता बोलायची. त्यांना शेवग्याची आमटी आवडते म्हणून शेंगा राखून ठेवल्यात. थंडीच्या मुलखात त्यांच्या पायाला भेगा पडतात. मागल्या रजेत ते निघाले तेव्हा आपण चुलीपाशी होतो, गाडी आली आणि नीट निरोपसुद्धा झाला नाही. हवालदार ऐकायचा. आपल्यावर कुणी इतका जीव लावून बसलं होतं आणि आपण चावडीवर पत्ते कुटत होतो, हे त्याला या वयात कळत होतं, आणि तेही दुसऱ्याच कुणाचं म्हणून. त्या तिशीतल्या शिपायाचा त्याला हेवा वाटू लागला. स्वतःचाच हेवा करण्याची पाळी वैऱ्यावरही येऊ नये.

आणि ती वाट बघायची. रस्त्यावरनं एस.टी. जायची वेळ झाली की तिला कसं कळायचं देव जाणे. घड्याळ कळत नव्हतं, वार कळत नव्हता, पोटच्या पोरीचं नाव आठवत नव्हतं, पण लांबून गाडीची घरघर आली की बाई पदर सावरून उठायची, अंगण ओलांडायची आणि रस्त्यावर उभी राहायची. ड्रायव्हर लोकांना ठाऊक झालं होतं. ते हळू करायचे, मान हलवायचे, पुढं जायचे. ती परत यायची आणि म्हणायची, “आज न्हाई आले, मामंजी. उद्याच्याला येतील बगा.” यात दुःख नव्हतं, हे महत्त्वाचं. उद्याच्या गाडीची तिला खात्री असायची, आणि त्या खात्रीवर ती वेणी घालायची, कुंकू लावायची, दोन घास जास्त खायची.

पण रस्ता आता पूर्वीचा राहिला नव्हता. म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं पाणी आलं, द्राक्षबागा झाल्या, रस्ता रुंद झाला, आणि टेम्पो-डंपर अंगावर आल्यासारखे धावू लागले. एका दुपारी एस.टी.च्या मागून आलेल्या टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. राहीबाई कडेला पडली, मनगट मोडलं. मनगटावरच भागलं म्हणून बरं.

संयोगिता माधवनगरहून आली ती रागातच. आईला माझ्याकडं पाठवा नाहीतर फाटकाला कुलूप घाला, म्हणाली. माधवनगरला नेऊन पाहिलं. तिथं राहीबाई रात्रंदिवस दार बडवायची, माझं घर कुठाय म्हणून, चौथ्या दिवशी परत आणली. मग कुलूप घातलं. त्या कुलपाशी ती प्लॅस्टर घातलेल्या हातानं झगडायची, रस्त्यानं जाणाऱ्याला विनवायची, मला कोंडून घातलंय, माझं मालक येणार हायत, सोडा मला. जाणारे-येणारे हवालदाराकडं बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यानं कुलूप काढून विहिरीत टाकलं. शत्रूच्या कैद्यालासुद्धा आपण असं ठेवलं नाही, म्हणाला.

सांगलीच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या बदलल्या आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली. रस्ता दिसतो म्हणून ओढ लागते, म्हणाले. दिसणार नाही त्याची ओढ हळूहळू कमी होईल. हे हवालदाराच्या मनात बसलं. फौजेत त्यानं आयुष्यभर झाकण्याचंच काम केलं होतं, तोफा झाकल्या होत्या, गाड्या झाकल्या होत्या. रस्ता झाकायला काय लागतं? त्यानं कुंपणाच्या तारेच्या जाळीवर द्राक्षबागेतलं हिरवं शेडनेट ताणून बांधलं. राहीबाईनं ते दुपारपर्यंत फाडलं. काल नव्हतं आणि आज आलं, म्हणजे कुणीतरी काहीतरी लपवतंय, एवढं तिला बरोबर कळायचं. भिंत बांधली असती तर तिनं डोकं आपटलं असतं. जे झाकायचं ते तिच्या देखत, पण तिला न कळता झाकायला हवं होतं. पानापानानं.

माधवनगरला संयोगिताच्या फाटकावर संक्रांतवेल होती. जानेवारी लागला की अख्खी वेल केशरी व्हायची, नळीसारख्या फुलांचे घोस नुसते लोंबायचे, पान दिसायचं नाही. वास काही नाही, पण वाढ अशी की संयोगिताचा नवरा वैतागून म्हणायचा, रात्री खिडकी उघडी ठेवली तर सकाळी वेल घरात येऊन बसलेली असते. बारा महिने हिरवी, पानगळ ठाऊक नाही. हवालदारानं ती नीट निरखली. पुढच्या मृगाच्या तोंडावर तो जाऊन पेन्सिलीएवढ्या जाडीच्या छाटण्या घेऊन आला, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर ठेवून.

त्या वेलीची त्यानं जी सेवा केली ती पोटच्या पोरीची केली नव्हती. छाटण्या आधी पिशव्यांत, लिंबाच्या सावलीत. मुळं धरली तशी जाळीच्या कडेनं गुडघाभर खड्डे, खाली वीटभर पालापाचोळा, वर शेणखत आणि तलावातली माती. आडवी लावली, दोन हातांवर एक, रांग दोरीनं आखून. वेल वर जायला बघायची. हा तिला आडवी वळवायचा, जाळीत गुंफायचा, शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की तिथून दोन फुटतात, ते दोन खुडले की चार. एरवी वेल चढवायची म्हणजे वर नेतात. हवालदाराला उंची नको होती, त्याला दाटी हवी होती. जिथं जिथं रस्त्याचा तुकडा दिसेल तिथं तिथं तो नवी फांदी आणून बांधायचा.

आणि पाणी कोण घालायचं? राहीबाई. मामंजींनी सांगितलं म्हणून. मनगट बरं झालं तसं ती सकाळ-संध्याकाळ तांब्यानं प्रत्येक बुंध्याशी पाणी घालू लागली. कृष्णाकाठची बाई, पाणी घालताना तिच्या तोंडावर समाधान दिसायचं. हवालदाराला ते बघवायचं नाही. आपल्याच हातानं ही बाई आपला रस्ता बुजवतेय, हे त्याला दिसत होतं. पण टेम्पोखाली जाण्यापेक्षा हे बरं, असं तो मनाला सांगायचा, आणि कुणीही तेच सांगितलं असतं.

पहिल्या वर्षी वेल कमरेएवढी झाली. दुसऱ्या पावसाळ्यात तिनं जोर धरला. एकेका आठवड्यात हातभर फांदी पुढं जायची. दसऱ्यापर्यंत रस्ता फक्त भोकाभोकांतून दिसायला लागला, दिवाळीपर्यंत भोकंही मिटली. फाटकाच्या जागी त्यानं कमान केली आणि वेल तिच्यावरून खाली सोडली, इतकी की वाकून, पडदा सारल्यासारखी बाजूला करूनच बाहेर पडावं लागायचं. राहीबाई गाडीची घरघर आली की अजून उठायची. चार पावलं चालायची. समोर हिरवं दिसायचं. ती थांबायची, काय करायला उठले ते विसरल्यासारखी, आणि वेलीचं एखादं वाळकं पान काढून परत यायची. मग चार पावलांची दोन झाली. मग नुसती मान वर व्हायची. पुढच्या पावसाळ्यात तेही थांबलं. गाडी वाजत जायची आणि बाई तांदूळ निवडत बसलेली असायची.

हवालदाराची सगळ्यांनी पाठ थोपटली. संयोगिता म्हणाली, आप्पा, डॉक्टरांना जमलं नाही ते तुम्ही केलं. कित्येक महिन्यांनी तो दुपारी निवांत झोपू लागला. राहीबाईचं बोलणं कमी झालं होतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. शेवग्याच्या शेंगा निघायच्या आणि वाळून जायच्या, राखून कुणी ठेवत नव्हतं. नवऱ्याबद्दल ती आता काही बोलत नव्हती. आजार पुढं सरकतोय, डॉक्टर म्हणालेच होते, असं त्यानं धरलं. खरं तर त्या बोलण्याची त्याला भूक लागली होती. पण स्वतःची तारीफ ऐकायला मिळत नाही म्हणून कुरकुर कुणापाशी करणार?

त्या वर्षी संक्रांतीला वेल अशी फुलली की येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढू लागले. कुंपण कुठं आहे कळत नव्हतं, नुसता केशरी रंग. संयोगिताला उमाळा आला. आईच्या हातचं हळदीकुंकू होऊन किती वर्षं झाली, यंदा करूया, म्हणाली. रथसप्तमीच्या अलीकडचा रविवार धरला. तिनं वाणाला छोटी ताटं आणली, तिळगूळ केला, वस्तीवरच्या बायकांना बोलावलं. वेलीच्या पुढ्यातच सतरंजी अंथरली. राहीबाईला नवं हिरवं इरकल नेसवलं, पाटावर बसवलं. हवालदार कट्ट्यावर बसून बघत होता आणि खरोखर सुखात होता.

रेश्मानं पहिलं बोट हळदीला लावलं, मग कुंकवाला, आणि राहीबाईच्या कपाळाशी नेलं. राहीबाईनं मान मागं घेतली. रेश्माला वाटलं, दचकली. तिनं पुन्हा हात पुढं केला. राहीबाईनं तो हात अगदी हळुवार धरून खाली केला.

“नगं, लेकी,” ती म्हणाली. “त्यो मान आता माझा न्हाई.”

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. संयोगिता पुढं झाली, आई, असं अभद्र काय बोलतेस, आप्पा हे काय समोर बसलेत, म्हणाली. राहीबाईनं कट्ट्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला. तेव्हा सगळ्यांना तिचे हात दिसले. मोकळे होते. बांगड्या कधी काढल्या होत्या कुणाला माहीत, साडीच्या घोळात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती उठली, कट्ट्यापाशी आली, पदराची गाठ सोडली. गाठीत हिरव्या बांगड्या होत्या आणि मंगळसूत्र होतं. तिनं ते हवालदाराच्या पुढ्यात कट्ट्यावर ठेवलं, हाताला हात लागू न देता.

“हे तुमच्या घरचं हाय, मामंजी, तुमी ठिवा. तुमी बोलला न्हाईसा, पर मला कळलं. गाडी येत न्हाई आता. रस्ताच ऱ्हायला न्हाई, गाडी कुठनं यायची? गाडीच न्हाई म्हंजी ते न्हाईत.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, “माझं ऱ्हाऊंद्या. तुमचा तर पोटचा ल्योक गेला. तुमी सोसलंसा, मला कळू दिलं न्हाईसा.”

समोर बसलेल्या बायकांपैकी दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावले होते. तो म्हातारा आपल्याच मरणाचं सांत्वन ऐकत बसला होता, आणि सांत्वन करणारी त्याची बायको होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं आपण हसत हसत म्हणतो. इथं हसायला जागाच नव्हती. टेम्पोपासून वाचवायला म्हणून त्यानं तिचा रस्ता बुजवला, आणि रस्त्याबरोबर तिचा नवरा पुरला.

त्यानंतर राहीबाई विधवेसारखी राहू लागली, आणि त्यात मात्र तिला कशाचा विसर पडला नाही. कपाळ कोरं. गोड नको. खाली चटईवर झोपायचं. सासऱ्याला वाढायची आणि स्वतः अर्धी भाकरी कशीबशी खायची. संयोगितानं रजा काढून मुक्काम केला, फोटो दाखवले, फोनवर जुने लोक बोलायला लावले. राहीबाई फोटोवरून बोट फिरवायची आणि डोळे पुसायची. डॉक्टर म्हणाले, हे व्हायचंच होतं. हवालदारानं ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन कोयता काढला.

वेल अजून फुललेली होती. रेश्मा म्हणाली, आवं, निदान फुलं तरी सरू द्या. त्यानं ऐकलं नाही. बुंधे अंगठ्याहून जाड झालेले, जाळीत असे गुंतलेले की फांदी ओढली की तार वाकायची. तो सकाळपासून तोडत होता. हात सोलवटले, केशरी फुलांचा ढीग अंगणभर झाला, त्यावर मधमाश्या घोंगावत राहिल्या. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला. पाचची गाडी आली तेव्हा त्यानं संयोगिताकरवी राहीबाईला आणून समोर बसवलं. गाडीनं हळू केलं. ड्रायव्हरनं कितीतरी दिवसांनी बाई दिसली म्हणून मान हलवली. राहीबाईनं गाडीकडं पाहिलं, एखाद्या ट्रॅक्टरकडं बघावं तसं. मग ती खाली पडलेली फुलं वेचायला लागली.

असे आठ-दहा दिवस गेले. मग हवालदाराच्या मनानं शेवटचं घेतलं. गाडी दिसून उपयोग नसेल, तर गाडीतून तो उतरायला हवा. त्यानं माळ्यावरून आपली काळी पत्र्याची ट्रंक काढली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. रॉकेलच्या बोळ्यानं पुसल्यावर अक्षरं वर आली. हिरवा बराक कोट अंगात चढला, सैल झाला होता एवढंच. मिशांना काळं लावावं का, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो त्यानं सोडला, पण दाढी घोटून केली. संयोगिताला हे पटलं नव्हतं. पण बापाचा चेहरा बघून तिनं अडवलं नाही. रेश्माच्या नवऱ्यानं मोटरसायकलवरून त्याला कवठ्याच्या स्टँडवर सोडलं. रिकाम्या ट्रंकेनं घरी जायचं नाही, म्हणून त्यानं पेठेत हिरव्या बांगड्या घेतल्या आणि ट्रंकेत ठेवल्या. इतक्या रजा झाल्या, एकदाही नेल्या नव्हत्या.

पाचच्या गाडीत तो खिडकीशी बसला. कंडक्टरनं सगळं ऐकलं होतं. त्यानं काही न विचारता ट्रंक स्वतः उचलून दाराशी ठेवली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा आणि हवालदाराची छाती अशी धडधडत होती की पहिल्या रजेलाही धडधडली नसेल. ती ओळखेल, असं त्याला खरोखर वाटत होतं. कोट ओळखेल, ट्रंक ओळखेल, आणि त्यांच्यामागून मला ओळखेल.

गाडी दारासमोर थांबली. राहीबाई संयोगिताबरोबर अंगणात बसली होती. हवालदार उतरला, ट्रंक खाली घेतली, गाडी निघून गेली. राहीबाईनं मान वर केली. तिची नजर कोटावर गेली, मग ट्रंकेवर, आणि ती उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडीसाठी उठली. पदर सावरला, अंगण ओलांडलं आणि कमानीतून रस्त्याच्या कडेला आली. संयोगितानं तोंडावर हात ठेवला. हवालदाराचे डोळे भरून आले. तो ताठ उभा राहिला, त्याला दुसरं काही सुचलं नाही.

राहीबाई त्याच्यापाशी आलीच नाही. ती ट्रंकेपाशी बसली. झाकणावरच्या नावावरून तिनं हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांचं वळण ती ओळखत होती.

एकाहत्तरच्या लढाईत या वस्तीवरचे दोघे गेले होते. तेव्हा देह गावाला येत नसत. यायची ती शिपायाची ट्रंक, आणि ती आणायला मिरजेच्या टेसनावर जायचा तो त्याचा म्हातारा बाप. दोन्ही वेळा एस.टी. याच रस्त्यावर थांबली, दोन्ही वेळा म्हातारा अशीच ट्रंक घेऊन, खांदे पाडून उतरला. नवी नवरी राहीबाई दारात उभी राहून बघत होती. हवालदार त्या वेळी स्वतः सीमेवर होता. त्यानं हे कानांनी ऐकलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला ते सुचलं नाही.

राहीबाईनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. इतक्या मायेनं तिनं त्याच्याकडं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“सामान आलं व्हय त्यांचं?” ती म्हणाली. “एकट्यानं कशाला आणलंसा, मामंजी. ह्या वयात.”

बोलण्यासारखं जे होतं ते सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. तिनं वाकून ट्रंकेची एक कडी धरली आणि त्याची वाट बघत थांबली. मग त्यानं दुसरी धरली, आणि दोघांनी मिळून ज्ञानू जगतापचं सामान घरात नेलं.